शाई पाण्याची, पण धुवण कुणाच्या नालीत?

मागच्या महिन्यात भाच्याच्या दवाखान्याच्या दारासाठी काच बघायला लातूरच्या एका दुकानात गेलो होतो. टफन काच, त्यावर नाव, वेळ आणि खाली एक हिरवी पट्टी, एवढंच काम. दुकानदार बोलका माणूस. म्हणाला, "सर, आता आपण थिनरवाली शाई बंद केलीय. पाण्यावरची आणलीय. वास नाही, डोकं दुखत नाही, एकदम पर्यावरणपूरक." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, कौतुकच वाटलं.

मग मागच्या शेडमध्ये गेलो. विशीतला एक पोरगा छपाईची जाळी बोअरच्या नळाखाली धरून धूत होता. नळ पूर्ण सोडलेला. खाली हिरवट पांढरं पाणी, घट्ट ताकासारखं, फरशीवरून वाहत भिंतीतल्या भोकातून बाहेर जात होतं. विचारलं, "हे कुठं जातं रे?"

"नालीत."

"आणि नाली?"

तो हसला. म्हणाला, "ते महापालिकेला विचारा काका."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. मी त्या दुकानदाराला दोष देत नाही, त्याने थिनर सोडलं हे चांगलंच केलं. पण 'पर्यावरणपूरक' हा शब्द आपण डब्यावरच्या लेबलपुरता मानायला लागलोय, आणि त्यातून गडबड होतेय. शाई कशात कालवलीय हा अर्धाच प्रश्न झाला. तिचं धुवण कुठं जातं हा उरलेला अर्धा. लातूर-नांदेडसारख्या ठिकाणी, जिथं पाणी आधीच मोजून मिळतं, तिथं हा उरलेला अर्धाच जड आहे.

आधी थिनरबद्दल, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. ज्यांनी लग्नपत्रिका, स्टिकर, काचेवरच्या पाट्या छापणाऱ्या दुकानात थोडा वेळ काढलाय त्यांना तो वास माहीत आहे. टोल्यून, झायलीन असली द्रव्यं असतात त्यात. पत्र्याचं शेड, मे महिना, एक पंखा, आणि तोही शाई वाळेल म्हणून कधी कधी बंद. पोरं जाळी पुसतात थिनरने आणि हातही धुतात थिनरनेच. बोटांची कातडी पांढरी पडून तडकते. संध्याकाळी डोकं जड होतं, चक्कर येते, भूक मरते. आपण म्हणतो "कामाची सवय झाली". सवय कसली, नाकाला वास कळेनासा होतो एवढंच. शिवाय हा सगळा माल पेट घेणारा. एका कोपऱ्यात थिनरचा कॅन, दुसऱ्या कोपऱ्यात चहाचा गॅस, असं दृश्य मी नांदेडलाही पाहिलंय आणि लातूरलाही.

त्यामुळे पाण्याच्या शाईकडे जाणं योग्यच आहे. शेडमधल्या लेकरांच्या छातीसाठी तरी योग्य आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

काचेवर छपाई दोन तऱ्हांनी होते, आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टफन काच म्हणजे साधी काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवायची आणि मग दोन्ही बाजूंनी गार हवेचा जोरदार झोत मारून एकदम थंड करायची. त्याने वरचा थर आवळला जातो. म्हणून ती मजबूत होते, आणि फुटलीच तर बारीक दाण्यांत फुटते, सुरीसारखे तुकडे होत नाहीत. एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही.

पहिली तऱ्हा अशी की भट्टीत जाण्याआधीच काचेवर छापायचं. इथं शाई म्हणजे बारीक दळलेली काचेची भुकटी आणि धातूंचे रंग, कशात तरी कालवलेले. भट्टीत ती भुकटी वितळून काचेचाच भाग होते, मग खरवडली तरी निघत नाही. तुमच्या कारच्या मागच्या काचेच्या काठाला जी काळी पट्टी आणि ठिपके दिसतात ते हेच काम. शोभेसाठी नाही ते, काच चिकटवलेल्या डिंकाला ऊन लागू नये म्हणून. दुसरी तऱ्हा म्हणजे टफन झालेली काच बाहेरून आणायची आणि तिच्यावर वरून छापायचं, मग थोडी भाजून किंवा खास दिव्याखाली धरून शाई पक्की करायची. आपल्या गावातली, माझ्या पाहण्यातली दुकानं हेच करतात. दवाखान्याचं दार, बँकेचं केबिन, क्लासची पाटी, सगळं यातलं.

पहिल्या तऱ्हेत पाणी काय की थिनर काय, वाळवताना आणि भट्टीत दोन्ही उडूनच जातं. काचेवर काहीच उरत नाही. फरक एवढाच की थिनर हवेत जातं आणि पोरांच्या छातीत जातं, पाण्याची वाफ होते. (पाण्याच्या म्हणवणाऱ्या शायांतही ग्लायकॉलसारखी द्रव्यं असतात, निव्वळ पाणी नसतं. पण थिनरच्या मानाने फार बरं.) म्हणजे छापून झालेल्या काचेचा मामला साफ. घाण होते ती जाळीवर, पट्टीवर, डब्याच्या तळाशी उरलेल्या शाईची. थिनरच्या शाईत ती फडक्यात जायची आणि फडकं कचऱ्यात. वाईटच होतं ते, पण थोड्या जागेत राहायचं. पाण्याच्या शाईत तीच घाण नळाखाली धुवून नालीत सोडता येते. धुणं सोपं झालं, म्हणून सोडणंही सोपं झालं. तांदळाचं धुवण झाडाला घालतो तितक्या सहज.

हे तांदळाचं धुवण नाही हो. दुकानातल्या शाईच्या धुवणात रंग असतो आणि प्लास्टिकच्या जातीचा चिकट अंश असतो, तो पाण्यात दुधासारखा मिसळून राहतो, नुसता ठेवून खाली बसत नाही. भट्टीच्या शाईच्या धुवणात काचेची भुकटी असते आणि धातू असतात. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कुणी दुकानदाराला सांगत नाही. भुकटी कमी उष्णतेत वितळावी म्हणून तिच्यात शिसं घालायची जुनी रीत आहे. आता बिस्मथ, जस्त घालून बिनशिशाच्या भुकट्या मिळतात, पण जुन्या जातीचा मालही असतो. शाई पाण्यात कालवलीय याचा आणि तिच्यात शिसं आहे की नाही याचा काडीचा संबंध नाही. पाण्याची शाई शिशाची असू शकते. थिनरची शाई बिनशिशाची असू शकते. लेबलावर पान काढलं आणि हिरवा रंग दिला म्हणून शिसं पळून जात नाही.

घराच्या भिंतींच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको असा नियम केंद्राने २०१६ साली केला. चांगला नियम आहे. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. काचेवर भाजायच्या भुकटीला तो लागू होत नाही. काचेत वितळून बसलेलं शिसं सहसा बाहेर येत नाही हे खरं. पण भुकटी कालवणाऱ्या पोराच्या नखांत आणि धुवणाच्या नालीत ते काचेत बसलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा काचेच्या दुकानांवर एवढं लांबण कशाला? फ्लेक्सवाले काय कमी आहेत? आहेत ना. निकाल लागला की क्लासच्या गल्लीतून टॉपरचे जे चेहरे झळकतात, वाढदिवसाला चौकाचौकात भावी आमदार जे हात जोडून उभे राहतात, ते सगळं प्लास्टिक आहे आणि बहुतेक तीव्र द्रावकाच्या शाईने छापलेलं आहे. त्याच्यावर एकदा वेगळं लिहीन. काचेबद्दल आज लिहितोय त्याचं कारण हरंगुळला आहे.

लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तिथं तयार झाला. मग बराच काळ आपण फक्त "कारखाना कधी सुरू होणार" एवढंच विचारत राहिलो. आता रशियन आणि भारतीय भागीदारीतल्या कंपनीला शयनयान वंदे भारतचे १,९२० डबे करायचं काम मिळालंय आणि जागा लातूरची. नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या वंदे भारतमध्ये जे बसलेत त्यांनी त्या रुंद, बंद खिडक्या पाहिल्या असतील. एका डब्याला अशा वीस काचा धरल्या तरी अडतीस हजारांवर काचा होतात. हिशेब माझा, ढोबळ आहे, पण आकडा केवढा ते कळावं म्हणून. जिथं काच चौकटीला चिकटवून बसवतात तिथं बहुधा तीच काळी पट्टी छापावी लागते.

या काचा पहिली काही वर्षं बाहेरूनच येतील, त्याला इलाज नाही. पण जोडधंदे लातूरला यावेत, नांदेडच्या पोरांनाही तिथं काम मिळावं ही आपली सगळ्यांची मागणी आहे. माझीही आहे. काच कापणं, घासणं, छापणं, टफन करणं हा चांगला जोडधंदा आहे, दहावी-आयटीआय झालेल्या पोराला हातात कला देणारा. उद्या लातूर एमआयडीसीत किंवा नांदेडकडे कृष्णूरला अशी शेडं उभी राहिली तर मी पेढे वाटीन. पण ती शेडं उभी राहण्याआधीच धुवणाचं ठरवा, एवढंच म्हणणं आहे. सवयी लागल्या की मोडत नाहीत. शेड बांधताना दोन टाक्या बांधायला फार खर्च येत नाही. दहा वर्षांनी फरशी फोडून बांधायच्या म्हटलं की मालक, संघटना, अधिकारी सगळे एका सुरात "व्यवहार्य नाही" म्हणतात.

आणि हे लातूर आहे. १२ एप्रिल २०१६ ची पहाट आठवा. मिरजेहून जलदूत आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती, विहिरींभोवती जमावबंदी लावावी लागली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्या शहराने रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय त्या शहरात नळ पूर्ण सोडून जाळी धुतली जाते, हे बघून पोटात कालवलं. समजा एक दुकान दिवसाला दोनशे लिटर पाण्यात जाळ्या आणि काचा धुतं. वर्षाचे अडीचशे दिवस काम धरा. पन्नास हजार लिटर झाले. म्हणजे जलदूतची एक वाघीण, एका दुकानाला, दर वर्षी. आणि ती वाघीण नालीत.

नांदेडवाल्यांनी हसू नये. विष्णुपुरी उशाला आहे म्हणून तुमचं पाणी अमाप नाही, आणि शहराचे नाले गोदावरीला कुठं मिळतात ते गोवर्धनघाटाच्या बाजूने सकाळी चालणाऱ्या कुणालाही विचारा.

बरं, दुकानदारांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या झटकून चालणार नाही. मी तीन-चार जणांशी बोललो. पहिली तक्रार उन्हाची. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पाण्याची शाई जाळीतच वाळते, भोकं बुजतात, दर दहा-पंधरा छापांना जाळी धुवावी लागते. म्हणजे पाणी वाचवायचं तर दूरच, दुप्पट लागतं. दुसरी पावसाळ्याची. काच काही कागदासारखी शाई शोषत नाही, दमट हवेत शाई वाळता वाळत नाही, आणि पोराचं एक बोट लागलं की ठसा उमटतो. तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती बोअरच्या पाण्याची. आपलं पाणी जड. त्याने काच धुतली की पांढरे डाग राहतात आणि डागावर शाई धरत नाही. मग आरओचं पाणी घ्यायचं, आणि आरओ जेवढं चांगलं पाणी देतो त्याच्या जोडीने बरंचसं खारं पाणी फेकून देतो. म्हणजे पर्यावरणपूरक शाईसाठी आणखी पाणी वाया. एक जण वैतागून म्हणाला, "यापेक्षा थिनर परवडलं, भाऊ."

थिनर परवडलं असं मी म्हणणार नाही. पण शाई विकणाऱ्या कंपन्यांचे लोक थंड हवेच्या शोरूममध्ये नमुना दाखवतात आणि जातात. लातूरच्या मे महिन्यात ती कशी चालते, बोअरच्या पाण्यावर कशी बसते, हे कुणी येऊन दाखवत नाही. इथल्या तंत्रनिकेतनांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा प्रकल्प म्हणून घ्यावा की. शेवटच्या वर्षाची पोरं दरवर्षी तोच स्वयंचलित पथदिवा करून आणतात. त्यापेक्षा गल्लीतल्या चार दुकानांची जाळी का बुजते ते शोधा, सावली, ओला पडदा, सकाळची पाळी, काय उपयोगी पडतं ते मोजून सांगा.

धुवणाचा इलाज मात्र शोधायला कुठं जायची गरज नाही. जाळी नळाखाली नेण्याआधी पट्टीने शाई ओरपून डब्यात परत घ्यायची. पुष्कळशी घाण तिथंच वाचते, आणि शाईचे पैसेही. मग वाहत्या नळाऐवजी ट्रेमध्ये, थोड्या पाण्यात, ब्रशने धुवायची. ते पाणी पहिल्या ड्रममध्ये. भट्टीच्या शाईची भुकटी जड असते, ती आपसूक खाली बसते. दुकानातल्या दुधाळ शाईला तुरटी लागते. होय, तीच, गढूळ पाण्यात आजी फिरवायची ती. तुरटीने रंग गोळा होऊन खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या ड्रममध्ये घ्यायचं आणि जाळीचं पहिलं धुणं त्याच पाण्यात करायचं. दोन ड्रम, एक ट्रे, किलोभर तुरटी. एवढ्याने नालीत जाणारा रंग जवळपास थांबतो आणि पाणीही निम्म्याहून कमी लागेल असा माझा अंदाज आहे.

उरतो तळाचा गाळ. इथं मात्र दुकानदार एकटा काही करू शकत नाही. असा गाळ नीट विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रांत जायला हवा, आणि ती केंद्रं म्हणजे रांजणगाव, बुटीबोरी, तळोजा. महिन्याला चार-पाच किलो गाळासाठी लातूरचा दुकानदार बुटीबोरीला जाईल का? गेला तर मीच त्याचा सत्कार करीन. तो रात्री उकिरड्यावर टाकणार, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून एमआयडीसीत एक गोळा करायची जागा हवी. झाकणाचं पिंप, नोंदवही, तीन महिन्यांनी एक गाडी. छापखाने, काचवाले, रंगवाले, गॅरेजवाले सगळ्यांचं एकत्र. लातूरला एक, नांदेडला एक. यासाठी नवा कायदा लागत नाही, मुंबईची मंजुरी लागू नये, जिल्हा उद्योग केंद्राच्या बैठकीत कुणीतरी विषय काढायला लागतो.

दुसरी मागणी खरेदीदारांकडे. जो माल घेतो तो अट घालू शकतो. महापालिका पाट्या घेते, जिल्हा परिषद घेते, दवाखाने घेतात, उद्या डब्यांचा कारखाना काचा घेईल. निविदेत दोन ओळी घाला, शाईत शिसं नाही याचा दाखला द्या आणि धुवणाची सोय दाखवा. निविदेत पानपानभर अटी असतात, त्यात दोन वाढल्या तर कागद फाटणार नाही. एका मोठ्या खरेदीदाराने अट घातली की पुरवठादार आपोआप शोधायला लागतो. प्रदूषण मंडळाच्या दहा नोटिसांनी जे होत नाही ते एका रद्द झालेल्या ऑर्डरने होतं, हे धंद्यातल्या माणसाला मी काय सांगणार.

तुम्ही आम्हीही खरेदीदारच आहोत. दवाखान्याचं दार, दुकानाची पाटी, किचनची रंगीत काच करून घेताना आपण रंग निवडतो, अक्षर निवडतो, भाव करतो. तेव्हा एकदा मागच्या शेडमध्ये डोकावून विचारा, जाळी कुठं धुता? भांडायला नाही, नुसतं विचारा. पाच गिऱ्हाइकांनी विचारलं की सहाव्याच्या आधी ड्रम येतो.

भाच्याच्या दाराची ऑर्डर मी त्याच दुकानात दिली. अट घातली की जाळी ट्रेमध्ये धुवायची. दुकानदार हसला, "तुम्ही बघायला येणार का?" म्हणालो, येणार. परवा गेलो होतो. निळं पिंप आणलंय त्याने, कापून दोन केलेत, आणि त्या पोराने तुरटी फडक्यात बांधून पिंपाच्या काठाला टांगलीय. वरचं पाणी अजून हिरवट आहे. तुरटी किती घालायची याचं माप त्यालाही माहीत नाही आणि मलाही. कुणी रसायनशास्त्राचे मास्तर हे वाचत असतील तर खाली लिहा, मी त्याला नेऊन दाखवतो.